पडदा म्हणतो १६.७, पावती म्हणते १५.२ : डिझेल एसयूव्हीचं खरं ॲव्हरेज मोजायचं कसं?

वाकडी_वाट

गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की तिसऱ्या प्रतिसादापासून 'ही का ती' सुरू होतं आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो. दोन लिटरचं डिझेल इंजिन, ऑटोमॅटिक, २०२३ ची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची), टाकी ५० लिटरची. घर वाकड, ऑफिस हिंजवडी. म्हणजे रोज ११ किमी जायला आणि तेवढेच यायला, वेळ मात्र विचारू नका.

टाकी फुल ते टाकी फुल असं मोजतोय, म्हणजे मागच्या फुलनंतरचे किमी भागिले आता गेलेले लिटर. पावत्या समोर ठेवून लिहितो :

पहिली – पुणे-कोल्हापूर-पुणे. ५१२ किमी, ३३.६ लिटर. हिशेबाने लिटरला १५.२ किमी. डॅशबोर्डचा पडदा म्हणतो १६.७.
दुसरी – शहर. ३८८ किमी, ३६.९ लिटर. हिशेबाने १०.५. पडदा ११.५.
तिसरी – शहर. २६८ किमी, २०.८ लिटर. हिशेबाने १२.९. पडदा १२.३.
चौथी – शहर. ३०१ किमी, ३०.४ लिटर. हिशेबाने ९.९. पडदा १२.१.

पडदा जास्त दाखवतो हे ऐकून होतो, त्याचं काही वाटलं नाही. डोकं फिरलंय ते तिसऱ्या-चौथ्या टाकीने. रस्ता तोच, ऑफिस तेच, चालवणारा मीच, एसी दोन्ही वेळा चालू. मग एकदा १२.९ आणि पुढच्याच वेळी ९.९ कसं? आणि तिसऱ्या टाकीला पडदा चक्क कमी दाखवतोय. इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतो तो) गेला की काय? सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर 'सर, तुमचं ड्रायव्हिंग' एवढंच उत्तर मिळालं.

हो, एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या वेळी नेहमीच्या पंपावर रांग होती म्हणून हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या पंपावर भरलं. चौथ्या वेळी परत नेहमीचा पंप.

---

रंकाळा_कट्टा

भावा, एवढी गाडी घेतलीस आणि ॲव्हरेज मोजत बसलायस होय? पडद्यावर १६.७ दिसतंय न्हवं, तेवढं बघायचं आणि गप गाडी मारायची. कोल्हापूरला येऊन गेलास आणि पावत्या सांभाळत परत गेलास, पांढरा रस्सा तरी खाल्लास का न्हाई?

---

मापात_पाप

नावावर जाऊ नका, आमचा स्वतःचा पंप आहे. (गाव सांगणार नाही.)

वाकडीदादा, तुमचा इंजेक्टर धडधाकट आहे. तुम्ही शेवटच्या ओळीत जे सहज लिहिलंत ना, चोर तिथेच आहे. ट्रकसाठीच्या नोझलचा झोत मोठा असतो. डिझेल पेट्रोलपेक्षा जास्त फेसाळतं. नोझलच्या टोकाशी एक बारीक भोक असतं, ते द्रवाने किंवा फेसाने बुजलं की आतली हवा तुटते आणि खटका पडून झोत बंद होतो. त्याला डिझेल काय आणि फेस काय, सारखंच. म्हणजे तुमची टाकी भरली नव्हती, फेस वर आला होता. पोऱ्याने 'झालं साहेब' म्हटलं, तुम्ही पैसे दिले.

माझ्या अंदाजाने त्या दिवशी तीनेक लिटर कमी गेलं. चौथ्या वेळी तेवढं जास्त गेलं. तिसऱ्याचं ॲव्हरेज फुगलं, चौथ्याचं बसलं.

उपाय : पंप एकच, नोझल तेच, गाडी उभी करायची जागा तीच. फोरकोर्टला (पंपाच्या आवाराला) उतार असतो, तोंड इकडे की तिकडे यानेही लिटर-दीड लिटरचा फरक पडतो. पोऱ्याला सांगा, झोत बारीक ठेव. पहिला खटका पडला की मिनिटभर थांबा, फेस बसू द्या, मग दुसरा खटका पडेपर्यंत हळू भरा. आणि तिथे थांबा. तोंडापर्यंत ठासून भरायची हौस नको, उन्हात डिझेल फुगलं की त्याला जागा लागते.

---

अपूर्णांक

मापात_पाप यांच्याशी सहमत. आकड्यांतच उत्तर आहे. तिसरी आणि चौथी टाकी वेगळी बघू नका, एकत्र करा : ५६९ किमी, ५१.२ लिटर. झालं ११.१. आता पडद्याकडे बघा, १२.३ आणि १२.१. तो बिचारा दोन्ही वेळा जवळपास तेच सांगत होता, उड्या मारत होती ती तुमची पावती.

पुढचं जास्त मजेदार आहे. पावतीला पडद्याने भागा. पहिली टाकी ०.९१, दुसरी ०.९१, तिसरी-चौथी मिळून ०.९१. म्हणजे तुमचा पडदा खोटं बोलतो, पण इमानदारीने खोटं बोलतो. घड्याळ रोज दहा मिनिटं पुढे असेल तर त्यावरही गाडी पकडता येते. पडद्यावरच्या आकड्याला ०.९१ ने गुणा आणि झोपा.

हे असं होतं कारण टाकीतून किती डिझेल गेलं हे मोजणारं मीटर गाडीत नसतं. इंजेक्टरला 'इतका वेळ उघड' असा हुकूम सुटतो, त्या हुकमांची बेरीज करून संगणक लिटर ठरवतो. हुकूम आणि प्रत्यक्ष यात फरक राहतो, तो सहसा एकाच बाजूला झुकलेला असतो. कोणत्या बाजूला हे कंपनीने ठरवलंय का, यावर मी बोलणार नाही.

एक विनंती : टाक्यांच्या ॲव्हरेजचं ॲव्हरेज काढू नका. १०० किमी १० ने गेलात आणि १०० किमी १५ ने, तर उत्तर साडेबारा नाही, १२ आहे. डिझेल लागलं १०+६.६७ लिटर, अंतर २००. भागून बघा. सगळे किमी एकीकडे, सगळे लिटर एकीकडे, भागाकार शेवटी एकदाच.

---

नेकारकाठी

जर्मनीतल्या श्टुटगार्टहून. म्हणूनच इकडे १०० किमीला किती लिटर असं मोजतात. वाकडी_वाट यांची गाडी आमच्या भाषेत ८.३ ची. मग टाक्यांची सरासरी काढली तरी फारसं बिघडत नाही, अंतर सारखं असेल तर. इकडे श्प्रिटमॉनिटर नावाच्या साइटवर लोक वर्षानुवर्षं प्रत्येक पावती टाकतात. कोणती गाडी प्रत्यक्षात किती पिते हे घ्यायच्या आधी तिथे बघायची सवय आहे. अर्थात दहा वर्षं झाली तरी मी मनात '१२ देते' असंच भाषांतर करतो.

---

कसाऱ्याची_सून

माझं माहेर नाशिक, सासर ठाणे, त्यामुळे कसारा घाट पाठ आहे. गाडी सात सीटर डिझेल, बहुतेक वेळा भरलेली. (माणसांपेक्षा माहेरच्या पिशव्यांनी.) पडद्यावर खाली जाताना १८ आणि वर येताना १४.५ दिसतं. दर वेळी. नवरा म्हणतो माहेरी जाताना तू पाय जोरात देतेस. गणितवाल्या कोणीतरी या माणसाचं तोंड बंद करा.

---

अपूर्णांक

ताई, आनंदाने. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. भरलेली गाडी २००० किलो धरू. ती ६०० मीटर उचलायला २०००×९.८×६००, म्हणजे सुमारे १.१८ कोटी ज्यूल. एक लिटर डिझेलमध्ये ऊर्जा साधारण ३.६ कोटी ज्यूल, त्यातली जेमतेम एक तृतीयांश चाकापर्यंत पोचते. म्हणजे १.२ कोटी. अर्थ काय, तर ठाण्याहून माहेरी जाताना एक लिटर डिझेल फक्त गाडी उचलण्यात जातं. उतरताना तेच पुष्कळसं परत मिळतं, कारण गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर बंदच होतात. (न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांनो, तुमचं इंजिन आयडलला डिझेल पीत असतं. आणि ब्रेक तापतात ते वेगळं.)

तुमचे आकडे १४५ किमीला लावले तर उतरताना ८ आणि चढताना १० लिटर. फरक दोनचा. नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

मुंबई-पुण्याचंही तेच. खोपोलीहून वर चढून पुण्याला आलेला माणूस रडतो आणि मुंबईत उतरलेला फोटो टाकतो. एका दिशेचं ॲव्हरेज म्हणजे ॲव्हरेज नव्हे. उलट पुणे आणि कोल्हापूर साधारण एकाच उंचीवर, शिवाय वाकडी_वाट यांनी जाऊन-येऊन धरलंय, म्हणून त्यांची पहिली टाकी सगळ्यात विश्वासाची.

---

संत्र्याची_साल

नागपूर. आमच्याकडे घाट नाही, पण ऊन आहे ना बाप्पा. मे महिन्यात गाडीत बसायच्या आधी दहा मिनिटं एसी चालू ठेवा लागते, नाही तर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. मग पोरीच्या शाळेसमोर पुन्हा दहा मिनिटं. उभ्या गाडीचं ॲव्हरेज किती? शून्य. मी पडद्यावर बघितलं, एसी लावून आयडलला तासाला लिटरच्या आसपास जाते. रोज २० मिनिटं म्हणजे महिन्याला दहाएक लिटर कुठेच न जाता गेले. कंपनीच्या कागदावर हे कुठे दिसत नाही.

अन् एक विचारतो. सकाळी सकाळी डिझेल भरलं तर थंड असते, जास्त मिळते म्हणतात. खरं आहे काय?

---

मापात_पाप

साहेब, पंपाची टाकी जमिनीखाली असते. वर पारा ४५ असो नाही तर २५, दिवसभरात खालच्या डिझेलचं तापमान फारसं हलत नाही. डिझेल १० अंशांनी तापलं तर जेमतेम पाऊण टक्का फुगतं, आणि पहाटे-दुपारी तेवढाही फरक खाली पडत नाही. पहाटे या, रांग नसते, एवढाच फायदा.

तसंच ते, गोल आकड्याला मशीन कमी देतं म्हणून '५०० चं नको, ५१० चं भर'. आमच्या पोरांना पण हे पाठ झालंय, ते स्वतःच विचारतात 'साहेब, ५१० का?' मशीनला आकडा गोल आहे की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही.

शंका असेल तर सरळ मार्ग आहे. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ५ लिटरचं माप असतं. ग्राहकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावंच लागतं. ५ लिटरमागे २५ मिली इकडेतिकडे चालतं, म्हणजे अर्धा टक्का. त्यापेक्षा जास्त कमी निघालं तर तक्रार करा. मागायला लाजू नका. वर्षभरात माझ्याकडे हे माप मागणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि 'पंपवाले चोर' म्हणणारे रोज.

---

गरम_सायलेन्सर

गॅरेज आहे, म्हणून राहवलं नाही. सगळे नोझल आणि घाटावर बोलताय, डीपीएफ कोणी काढलाच नाही.

बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी पकडणारी जाळी असते, तोच डीपीएफ. ती भरली की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून तिचं तापमान ६०० अंशांच्या आसपास नेते आणि काजळी जाळते. त्या दहा-पंधरा मिनिटांत पडद्यावरचा चालू आकडा निम्म्यावर येतो. ओळखायचं कसं? आयडलचा आरपीएम थोडा चढलेला राहतो, गाडी बंद केली तरी पंखा घोंघावत राहतो, आणि खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. लोक घाबरून माझ्याकडे येतात, 'जळतंय काहीतरी'. हो, काजळी.

हायवेवर चालणाऱ्या गाडीची जाळी आपसूक साफ राहते. ११ किमीच्या हिंजवडी फेरीत ती भरते लवकर आणि साफ व्हायला सुरुवात होते तोच तुमचं पार्किंग येतं. अर्धवट राहिलं की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. डिझेल दोनदा. वर ते न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, ते ऑइल नाही.

म्हणून शहरातली एकच टाकी मोजून काही ठरवू नका. एका टाकीत एकदा साफसफाई झाली असेल, दुसरीत तीनदा. आणि आठवड्यातून एकदा तरी २०-२५ मिनिटं सलग मोकळ्या रस्त्यावर न्या. पेट्रोल पाहिजे होतं तुम्हाला खरं तर, पण ते आता सांगून काय उपयोग.

---

वाकडी_वाट

सगळ्यांचे आभार, आणि गरम_सायलेन्सर यांचे जरा कमी. :)

पंख्याचा तो आवाज मी ऐकलाय! दोनदा, सोसायटीच्या बेसमेंटमध्ये. वॉचमन म्हणाला होता, साहेब, गाडी चालू राहिली.

उत्साहात एक ओबीडी डोंगलही मागवलं. म्हटलं, थेट गाडीच्या मेंदूतून आकडा घेऊ. ॲप म्हणतं शहरात ७.२. आता याचं काय करू?

---

अपूर्णांक

डोंगल परत करा किंवा त्यावर फक्त कूलंटचं तापमान बघा. यातली बरीच ॲप्स इंजिनमध्ये शिरणारी हवा मोजतात आणि १४.७ भाग हवेला एक भाग इंधन असं धरून हिशेब करतात. पेट्रोलला ते बऱ्यापैकी लागू पडतं. डिझेल इंजिन हवा भरपूर घेतं आणि इंधन गरजेपुरतंच टाकतं. आयडलला तर हवेच्या मानाने डिझेल अगदी थेंबभर. ॲपला वाटतं एवढी हवा गेली म्हणजे तेवढं डिझेलही गेलं असणार. म्हणून ७.२.

पावतीच खरी. फक्त एक करा. एका टाकीत नोझलची चूक एक लिटरची असेल तर २० लिटरमागे ती ५ टक्के होते. पण सलग टाक्या जोडत गेलात तर मधल्या सगळ्या चुका एकमेकींना खातात, या टाकीत कमी गेलं ते पुढच्या टाकीत निघतं. उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या वेळची. २०० लिटरमागे एक लिटर म्हणजे अर्धा टक्का.

आणि किमीचाही हिशेब तपासा. टायर झिजले की घेर कमी होतो, चाक जास्त फिरतं, ओडोमीटर जास्त पळतो. २३५/६५ आर१७ मापाच्या टायरचा व्यास साधारण ७३७ मिमी. ५ मिमी रबर झिजलं की व्यास १० मिमीने घटतो, म्हणजे सव्वा टक्क्याच्या वर. एक्सप्रेसवेवरचे किलोमीटरचे दगड धरून ४० किमी मोजा.

---

रंकाळा_कट्टा

एवढं एक्सप्रेसवेवर दगड मोजत जायला तू काय पीडब्ल्यूडीत हाईस का?

---

कसाऱ्याची_सून

अवांतर : नवऱ्याला उचलण्याचं गणित दाखवलं. तो म्हणतो २००० किलोत पिशव्या कमी धरल्यात.

---

वाकडी_वाट

अडीच महिन्यांनी धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

एकच पंप, दोन नंबरचं नोझल, तोंड रस्त्याकडे, दोन खटके. तिथला पोऱ्या आता मी दिसलो की स्वतःच झोत बारीक करतो. पहिल्या फुलनंतर सहा टाक्या झाल्या : २६५५ किमी, २१४.३ लिटर. १२.४. यात एक कोकण फेरी आणि बाकी हिंजवडी.

दगडही मोजले. बायको दगड वाचत होती, मी आकडा बघत होतो. ४० किमीला ओडोमीटरने ४०.५ दाखवले. म्हणजे खरे किमी २६२२, आणि खरं ॲव्हरेज १२.२. हवा चारही टायरांत कंपनीच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच, सकाळी थंड असताना.

कंपनीच्या कागदावरच्या आकड्याशीही भांडण मिटलं. तो आकडा इथेच पुण्यात, वेताळ टेकडीवर एआरएआयमध्ये (गाड्या तपासणारी संस्था) निघत असेल म्हणून वाचत गेलो. गाडी रोलरवर, एसी बंद, ११८० सेकंदांचा ठरलेला खेळ, वेग कधीही ९० च्या वर नाही. २० मिनिटंसुद्धा नाहीत! तेवढ्या वेळात मी भूमकर चौकातून बाहेर पडत नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा ठीक, माझ्या खिशाशी त्याचा संबंध नाही.

मागच्या आठवड्यात गावी गेलो तेव्हा हे सगळं बाबांना मोबाइलवर दाखवलं. आमच्याकडे पूर्वी डिझेल जीप होती. तिचा काटा वर्षानुवर्षं अर्ध्यावर अडकलेला. बाबा टाकीत बांबूची काठी बुडवून बघायचे, काठीला चाकूने पाडलेल्या खुणा होत्या. ते आत गेले आणि पतपेढीची डायरी घेऊन आले. प्रत्येक पानावर तारीख, किमी, लिटर, रुपये. ॲव्हरेजचा रकानाच नाही. मी विचारलं, बाबा, गाडी किती देते हे कुठे लिहिलंय? तर शेवटच्या पानावर वर्षाचे एकूण किमी, एकूण लिटर आणि खाली एकच भागाकार. दरवर्षी एक. शेजारी कधी 'पाटे बदलले', कधी 'उसाच्या फेऱ्या जास्त'.

---

अपूर्णांक

बाबांना साष्टांग नमस्कार.

---

गरम_सायलेन्सर

ऑइलची पातळी बघितली का?

---

वाकडी_वाट

बघितली. वरच्या खुणेच्या किंचित वर आहे. शनिवारी येऊ का तुमच्याकडे?

---

रंकाळा_कट्टा

आता हसू नका कुणी. मी बी मोजलं, गुपचूप. पडदा १५.९, पावती १३.८. बायकोला सांगितलेलं न्हाई, तिला मी १७ सांगून गाडी घेतली हुती.

---

अपूर्णांक

एकाच टाकीचं आहे. अजून पाच भरा, मग घरी सांगायचं की नाही ते ठरवू.